सुट्टी कोणी ठरवायची?



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो बोनस, महागाई भत्ता आणि करार यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. चालकांनीही आम्हाला तसाच विषय सुचवला होता. आम्ही त्यांना विनंती केली की, या खेपेला घरातल्या एका लहानशा वाटाघाटीवर आम्हाला बोलू द्या. परीक्षा उरकल्या आहेत, मे महिना तोंडावर आला आहे, आणि घराघरांतून एकच प्रश्न चालू आहे: यंदा सुट्टीत कुठे जायचे? हा प्रश्न कोण काढतो, कोणाला विचारतो आणि त्याचे उत्तर अखेर कोण देतो, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा पंडिती मांडणीची अपेक्षा आपण करू नये. जे पाहिले, जे वाचून पडताळले, तेवढेच सांगणार आहोत.

प्रथम सुट्टी आली कुठून, ते पाहू. आज रविवार हा आपल्याला सूर्य उगवण्याइतकाच सहज वाटतो. पण मुंबईच्या गिरणीकामगाराला तो कोणी दान दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी आयोगाकडे धाडले. त्यात आठवड्याला एक सुट्टी ही मागणी होती. सहा वर्षे ती नुसतीच कागदावर राहिली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्याच वर्षी, १८९१ साली, कारखान्याच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. भरपगारी रजेची वाट त्याहून लांबची. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये मोठे संप झाले, तेव्हा तिथल्या कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. पुष्कळ कामगार कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला वीस दिवसांमागे एक दिवस, म्हणजे निदान बारा दिवस पगारी रजा दिली. २०२० साली संसदेने जी नवी श्रमसंहिता मंजूर केली, तीत ही २४० ची अट १८० वर आणली आहे.

हे एवढ्यासाठी सांगितले की, रजा ही मालकाने कृपेने टाकलेली चतकोर भाकरी नाही. ती मागून, भांडून मिळवलेली गोष्ट आहे. आणि रजा नाकारली म्हणजे काय होते, याचे उदाहरण धुंडायला आपल्याला कर्नाळ्याच्या पलीकडे जावे लागत नाही. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली येथून जवळच शिरढोणला जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. वासुदेवराव पुण्याला सरकारी कचेरीत नोकरीला असता आई आजारी असल्याचा निरोप आला. त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही, आणि ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे त्यांनी जे बंड केले त्याची कारणे अनेक होती, दुष्काळ होता, देशाची लूट होती. पण त्यांच्या मनातल्या निखाऱ्यांत हा एक निखारा होताच. रजेचा अर्ज हा नुसता कागद नसतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी वाट पाहत बसलेले असते, हे चळवळीतल्या माणसाने कधी विसरू नये.

आता आमच्याच घरची हकीकत. आमचे वडील पंचवीस वर्षे मुंबईला गिरणीत साच्यावर होते. आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. आमचे गाव महाड तालुक्यात. वर्षातून सुट्टी कधी, किती दिवस आणि कुठे, हे आमच्या घरात कोणी ठरवीतच नसे. रजा मुकादमाच्या मर्जीवर, जाणे शिमग्याला नाहीतर मे महिन्यात, आणि जायचे ते गावाला. घरातल्या मुलाला विचारणे दूरच, वडिलांनाही कोणी विचारलेले नसे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. मे महिन्यात वडिलांनी ट्रंक बांधली आणि आम्हाला सांगितले, "चला, सुट्टी लागली." आम्हाला कोण आनंद! नेहमीपेक्षा सामान जास्त होते, देव्हाऱ्यातले देवसुद्धा बरोबर घेतले होते, तरी आम्हाला काही उमगले नाही. जून उजाडला, पाऊस पडला, मुंबईच्या शाळा सुरू झाल्या असतील असे आम्ही दिवस मोजत राहिलो, आणि एके दिवशी वडिलांनी गावच्या शाळेत आमचे नाव घातले. लालबागची चाळ, तिथले सवंगडी, वर्गातला बाक, यांचा निरोपसुद्धा आम्ही घेतलेला नव्हता. त्या दिवसापासून 'सुट्टी' या शब्दावर आमचा विश्वास राहिला नाही. वडिलांवर राग नव्हता. पण खरे का सांगितले नाही, हा सल मात्र वर्षानुवर्षे राहिला.

इतके भोगलेल्या माणसाने पुढे स्वतःच्या मुलांशी कसे वागावे? आपण म्हणाल, शहाण्यासारखे. तसे झाले नाही. आम्ही पनवेलला बिऱ्हाड केले, तळोज्याच्या वसाहतीत एका कारखान्यात कामाला लागलो, आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. दुसऱ्यांच्या रजेसाठी आम्ही फाटकावर गळा काढून बोलत असू. व्यवस्थापनाने कामगारांना न विचारता पाळी बदलली, तर "आम्हाला विश्वासात का घेतले नाही?" असा पहिला सवाल आमचाच असे. आणि घरी? दर वर्षी मे महिना आला की आम्ही तारीख सांगायचो, मंडळी पिशव्या भरायच्या, मुले एस.टी.त बसायची. पनवेल सुटले की कर्नाळ्याची खिंड यायची, आणि आम्ही दर वर्षी न चुकता खिडकीतून बोट दाखवून म्हणायचो, "तो बघा, तो कर्नाळ्याचा सुळका!" मग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, आणि महाड.

२००९ च्या एप्रिलची गोष्ट. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. एका रात्री आम्ही युनियनची सभा उरकून घरी आलो, तर जेवणाच्या पाटाशेजारी वहीचा एक कागद घडी करून ठेवलेला. वर अक्षरे होती, 'मागणीपत्र'. आमच्याच टेबलावरचे कागद पाहून मुलीने ते तयार केले होते. खाली दोघांच्या सह्या, आणि मागणी एकच: यंदा कर्नाळ्याला न्यावे.

आम्ही हसलो. खरे सांगायचे तर आम्हाला सुटल्यासारखे वाटले. कारण सुट्टीचे मुलांना विचारले तर ती महाबळेश्वर म्हणतील, माथेरान म्हणतील, शेजारच्यांप्रमाणे गोवा म्हणतील, आणि आपल्या खिशाला ते झेपणार नाही, या धास्तीने आम्ही कधी विचारलेच नव्हते. आणि मुलांची मागणी होती घरापासून बारा-तेरा किलोमीटरवरची! आम्ही मुलीला म्हटले, "अगं, कर्नाळा तर आपण दर वर्षी बघतो." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दर वर्षी दाखवता. नेत कधी नाही."

बंधुभगिनींनो, आम्ही मोठमोठ्या अधिकाऱ्यांपुढे बसलो आहोत, पण इतके बिनतोड उत्तर आम्हाला क्वचित मिळाले असेल.

मग रीतसर बोलणी झाली. मुलाने विचारले, पैसे किती आहेत? आम्ही पहिल्यांदाच मुलांपुढे आकडे ठेवले: हातात अमुक, गावच्या प्रवासाला तमुक, जूनमध्ये वह्यापुस्तकांना इतके. त्याने बोटांवर हिशेब केला आणि आपण होऊन सांगितले की त्याला वाटेत बर्फाचा गोळा नको. आम्ही त्याला गोळा सोडायला सांगितले नव्हते. मात्र आकडे कळल्यावर तो आपल्या बाजूला येऊन बसला. जी कंपनी ताळेबंद दाखवते तिच्याशी तडजोड लवकर होते, हे आम्हाला ठाऊक होते. घरालाही हेच लागू आहे, हे त्या रात्री कळले.

बोलणी जवळजवळ संपली, तेव्हा मुलगा म्हणाला, "आईची मागणी काय?" आम्ही सारे मंडळींकडे पाहू लागलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही जिथं जाल तिथं मी येईन. फक्त पहाटे चारला उठून डबा करायचा असेल तर ती तुमची सुट्टी, माझी नाही."

लोखंड्यांच्या सभेत १८९० साली दोन स्त्रिया बोलल्या हे आम्ही शंभर सभांतून सांगितले असेल. पण ज्या रविवारासाठी त्या बोलल्या, तो रविवार आमच्या स्वयंपाकघरात एकशे एकोणीस वर्षांनीही पोचला नव्हता. गावी गेल्यावरही मंडळींची चूल फक्त बदलत असे. गॅस जाऊन लाकडे येत, आणि माणसे चाराची बारा होत. तेव्हा ठराव झाला: डबा नाही. पाव, केळी, काकड्या, भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि पाण्याचे डबे. आणि भरायचे आम्ही.

मे महिन्याच्या उन्हाच्या आत वर पोचावे म्हणून पहाटेच निघालो. कर्नाळ्याचे रान १९६८ साली पक्ष्यांसाठी राखून ठेवले गेले. दीडशेहून अधिक जातींचे पक्षी तेथे नोंदलेले आहेत. आम्हाला त्यांतले कावळा, भारद्वाज आणि कोतवाल यांपलीकडे ठाऊक नव्हते, पण मुलगी शाळेच्या वाचनालयातून पुस्तक घेऊन आली होती आणि पानापानाशी ताडून पाहत होती. वर कर्णाईचे देऊळ आहे, सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, कोठारे आहेत, आणि सुळक्याला मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात, म्हणून तिथे आरडाओरडा करायचा नसतो. हे सारे आम्ही नंतर मुलांकडून ऐकले. कारण अर्ध्या चढावर आम्हाला दम लागला आणि आम्ही एका दगडावर बसकण मारली. मंडळी मात्र मुलांबरोबर थेट वर गेल्या. पंधरा वर्षांच्या संसारात त्या आमच्यापुढे इतक्या लांब गेलेल्या आम्ही प्रथमच पाहिल्या.

येथे हकीकत संपली असती तर ती गोड झाली असती. पण प्रत्येक तडजोडीत कोणीतरी टेबलावर नसलेला माणूस असतो. कर्नाळ्यासाठी आम्ही गावचे दोन दिवस कमी केले होते. आमच्या आईला हे कोणी विचारले नव्हते. गावी पोचल्यावर तिने पहिला प्रश्न केला, "दोन दिवस कुठं गेले?" आम्ही कामाचे निमित्त सांगण्याच्या बेतात होतो. मुलीने सरळ सांगून टाकले. आईला वाईट वाटले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझा आजोबा पंचवीस वर्षं त्या सुळक्याखालनं गेला आणि आला. वर काय आहे, त्यानं कधी सांगितलं नाही. तू सांग." मुलगी सांगत बसली. वडील ओटीवर बसून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्यांच्याबरोबर विहिरीवर गेलो, तेव्हा रहाटाचा दोर हातात धरून ते आपण होऊन म्हणाले, "तुला त्या वर्षी सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. मग सांगायला तोंड राहिलं नाही." सत्तावीस वर्षे गेली होती. आम्ही म्हटले, "असू द्या, बाबा." ते म्हणाले, "असू द्या कसं? नातीला सांगता येतं, तर मुलाला येत नव्हतं काय?" यावर आम्ही पाणी ओढू लागलो, दुसरे काही सुचले नाही.

आता या हकीकतीतून काय घ्यायचे? पाश्चात्त्य देशांतल्या विद्वानांनी या प्रश्नाचा अभ्यास केलेला आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या पाहणीत बेल्जममधल्या ७३ घरांत, कोणता निर्णय नवरा घेतो, कोणता बायको घेते आणि कोणता दोघे मिळून, हे विचारले होते. सुट्टीत कुठे जायचे हा निर्णय दोघे मिळून घेतात, असे त्यात निघाले. वाचून बरे वाटते. पण त्या पाहणीत प्रश्न विचारले होते ते नवऱ्याला आणि बायकोला, मुलांना नव्हे. म्हणजे आमच्याच घरासारखे झाले! ज्याच्यासाठी सुट्टी, त्याची साक्षच नाही.

काही गृहस्थ यावर म्हणतात, मुलांच्या हाती कारभार दिला तर घर बुडेल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज मुलांना काय हवे, हे पुष्कळदा जाहिरातवाला ठरवतो, आणि मूल त्याचा निरोप्या होऊन बापाकडे येते. पण विचारणे वेगळे आणि कारभार देणे वेगळे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालकांच्या हक्कांचा जो करारनामा केला आणि ज्याला भारताने १९९२ साली मान्यता दिली, त्यात मुलाला विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क तर आहेच, पण त्याच्यासंबंधीच्या गोष्टींत त्याचे मत ऐकावे आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यावे, असेही म्हटले आहे. वजन द्यावे, असे म्हटले आहे. हुकूम मानावा, असे नव्हे. आणि न विचारल्याने जाहिरातवाल्याचा जोर कमी होत नाही, उलट वाढतो. ज्या मुलाला घरातला हिशेब ठाऊक नाही, त्याच्याशी बोलणारा जाहिरातवाला एकटाच उरतो.

विचारण्याचीही एक रीत आहे. सर्वांत धाकट्याला आधी विचारावे. सैन्याच्या न्यायालयात निकालाच्या वेळी सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याचे मत प्रथम घेतात, कारण वरिष्ठ आधी बोलला तर खालचा माणूस त्याच्याच 'री'ला 'री' जोडतो. युनियनच्या कमिटीत आम्ही हाच नियम पाळतो. घरात बाप आधी बोलला की सभा संपली. दुसरे, पैशाचा आकडा लपवू नये. तिसरे, घरातल्या गृहिणीची सुट्टी हिशेबात धरल्याशिवाय ठराव मंजूर समजू नये. चौथे, ज्याचे म्हणणे यंदा मागे पडले त्याची पाळी पुढल्या वर्षी पहिली, हे लिहून ठेवावे. आमच्या घरी ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिलेले असे. आणि पाचवे, गावी वाट पाहणाऱ्याला आधी कळवावे. हे आम्ही चुकून शिकलो आहोत.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हाला खाली बसता येणार नाही. हे सारे बोलणे ज्याला रजा आहे त्याच्यासाठी झाले. आज या तालुक्यात सकाळी नाक्यावर उभे राहणारे शेकडो स्त्रीपुरुष आहेत. कारखान्यांतून कंत्राटी कामगार आहेत, ज्यांची नावे वर्ष भरण्याच्या आत हजेरीपटावरून निघतात आणि नव्याने चढतात. त्यांच्या घरात सुट्टी कुठे घालवायची हा प्रश्न मुलाने काढला, तर बापाने काय उत्तर द्यावे? त्याचा एक खाडा म्हणजे एक दिवसाची चूल. कायम कामगारसुद्धा शाळेच्या फीसाठी उरलेली रजा विकतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु आपण म्हणतो, "त्यांना कुठे हौस असते!" तसे म्हणू नये. हौस असते. दिवस नसतो. तो दिवस मिळवून देणे हे आमचे काम आहे, आणि ते अजून अपुरे आहे, हे आम्ही आपणांपुढे कबूल करतो. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना या मे महिन्यात चार दिवसांची भरपगारी रजा आपण दिलीत, तर लोखंड्यांचे तेवढे तरी काम पुढे गेले, असे आम्ही समजू.

आमचे वडील आता नाहीत. मुलगी नोकरीला लागली आहे आणि रजेसाठी तिलाच अर्ज करावे लागतात. मागच्या वर्षी तिने फोन करून विचारले, "बाबा, यंदा माझे चारच दिवस आहेत. तुम्ही दोघं सांगा, काय करायचं?" आम्ही सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि मग म्हटले, "थांब, आधी तुझ्या आईला विचारतो."